स्वस्त बंदूक सुरात आणताना

ग्वाल्हेरच्या मेळ्यात जाऊन फुगे फोडण्याच्या दुकानापुढे थबकला नाही, असा माणूस लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतून शोधूनही सापडायचा नाही. 1905 साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेल्या ह्या मेळ्यात पुष्कळ काही बदलले. परंतु छर्ऱ्याच्या बंदुका, समोरच्या फळीवर टांगलेले रंगीत फुगे आणि मागे उभे राहून सल्ला देणारे एखादे काका, ही त्रयी अद्याप कायम आहे. काकांचा सल्लाही ठरलेला असतो. "अरे, माशी वाकडी आहे हिची. फुग्याच्या जरा डावीकडे धर!" मुलगा डावीकडे धरतो, फुगा फुटतो आणि सारे घर कौतुक करते.

मेळ्यापुरते हे ठीकच आहे. पण त्या मुलाला ह्यातून काय मिळाले, ह्याचा विचार केला तर उत्तर फारसे सुखाचे नाही. नेम धरणे त्याला आले नाही. एका खोटे बोलणाऱ्या बंदुकीशी तडजोड करणे तेवढे आले. शेजारच्या दुकानातली बंदूक डावीकडे ओढणारी निघाली की त्याची विद्या तेथेच संपली. मेळ्यातली बंदूक पाच मिनिटांची सोबतीण असते, म्हणून बिघडत नाही. तीच घरी आणून मुलाच्या हाती रोज दिली, तर मात्र ती त्याचा हात बिघडवते.

आमचे वडील दरबारी गवई. घरात तंबोऱ्यांचा राबता, आणि माझाही चरितार्थ गाणे शिकवण्यावरच चालतो. बंदुकीशी माझा संबंध यावा असे काही कारण नव्हते. तो आला एका शिष्याच्या आईमुळे. कापडाच्या पिशवीत गुंडाळलेली एक छर्ऱ्याची बंदूक घेऊन त्या आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तंबोऱ्याची जवारी तुम्ही स्वतः काढता. हिचेही काही बघा ना! पोराला नेमबाजी शिकायची आहे. स्पर्धेची बंदूक लाखाच्या वर जाते म्हणतात. ती आम्ही कुठून आणायची?"

प्रश्न बंदुकीचा दिसला तरी माझ्या ओळखीचा होता. स्वस्त वाद्यावर मूल शिकते, तेव्हा चूक मुलाची की वाद्याची, हे आधी ठरवावे लागते. बेसूर पेटीवर वर्षभर गायलेल्या मुलाचा कान बेसुराला सरावतो, आणि पुढे तो कान सुधारताना दोन वर्षे जातात. तसेच येथे. छर्रा कधी इकडे, कधी तिकडे जात असेल, तर मूल आपला बरा हातही बदलू लागते आणि वाईट सवयी जोडते. म्हणून स्वस्त बंदूक सुधारायची ती पदके मिळवण्यासाठी नव्हे. ती निदान खरे बोलू लागावी, एवढ्यासाठी.

ह्या खेळाकडे आता केवळ पोरखेळ म्हणून पाहता येत नाही. दहा मीटरवरची एअर रायफल 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून तेथे आहे. 2000 साली सिडनीत अंजली भागवत आणि 2004 साली अथेन्समध्ये सुमा शिरूर ह्या दोघी त्याच प्रकारात अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रा ह्यांनी भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, तेही छर्ऱ्याच्या बंदुकीनेच. 2022 साली कैरो येथे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ह्याच प्रकारात जगज्जेता झाला. एखाद्या घरातल्या मुलीला अथवा मुलाला ह्या वाटेने जावेसे वाटले, तर पैशाच्या कमतरतेने नव्हे, निदान वाकड्या बंदुकीने तरी त्यांची वाट अडू नये.

जोर नव्हे, सारखेपणा

बंदूक सुधारायची म्हटले की पहिला विचार येतो तो अधिक जोराची स्प्रिंग घालण्याचा. हा विचार प्रथम मनातून काढून टाकावा. त्याचे कारण समजायला बंदुकीच्या पोटात काय घडते ते पाहिले पाहिजे.

आपल्याकडे स्वस्तात मिळणारी छर्ऱ्याची बंदूक बहुधा नळी मोडून भरण्याची असते. नळी खाली दाबली की आतली स्प्रिंग आवळली जाते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. चाप ओढला की दट्ट्या सुटतो, पुढे धावतो, आणि समोरची हवा एका क्षणात दाबून छर्ऱ्याच्या पाठीशी लोटतो. छर्रा 4.5 मिलिमीटर व्यासाचा आणि वजनाने साधारण अर्ध्या ग्रॅमचा. गंमत अशी की दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते. आणि दट्ट्या दाबलेल्या हवेच्या गादीवर आदळून थबकतो तेव्हा बंदूक पुढे ओढली जाते. हे दोन्ही हिसके बसू लागतात तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे नेम धरून झाला, चाप ओढला, तरी छर्रा बाहेर पडेपर्यंत बंदूक हलत असते. स्प्रिंग जितकी जोराची, तितके हे हिसके मोठे. जोर वाढवला की नेम सुधारण्याऐवजी बिघडतो, तो ह्यामुळे.

आता लक्ष्याकडे पाहू. दहा मीटरच्या स्पर्धेच्या कागदावर मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि तेथून पुढे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरांनी लांब. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला 175 मीटर धरला, तर दहा मीटर जाईपर्यंत तो सुमारे 16 मिलिमीटर खाली येतो. वेग 165 झाला तर 18 मिलिमीटर. म्हणजे वेगात दहा मीटरांची तफावत पडली की जवळजवळ एक वर्तुळ गेले. वेग सर्व वेळी 165 असला तरी काही बिघडत नाही. नेमाची खाच एकदा वर उचलून घेतली की झाले. बिघडते ते कधी 175 तर कधी 165 होण्याने. तंबोरा पांढरी चारला लावा की काळी दोनला, गाणे होते. मात्र गाता गाता तार उतरू लागली तर होत नाही. बंदुकीचाही सूर म्हणजे हा सारखेपणा. जोर हा गुण तिच्यात पुष्कळ खालच्या पायरीवर आहे.

जोर वाढवण्याच्या वाटेवर कायदाही उभा आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 ज्यूलपेक्षा अधिक शक्तीच्या किंवा 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. वर सांगितलेल्या वेगाला अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याची शक्ती 8 ज्यूलसुद्धा भरत नाही, आणि कागदाला भोक पाडायला तेवढी भरपूर आहे.

आरंभ छर्ऱ्यापासून

बंदुकीला हात लावण्यापूर्वी तिचे आजचे वागणे कागदावर उतरवून घ्यावे. टेबलावर मऊ उशी अथवा वाळूची पिशवी ठेवून, त्यावर उघडा पंजा आणि पंज्यावर बंदूक, अशी बैठक करावी. बंदूक सरळ टेबलाच्या लाकडावर टेकवली तर ती उडते आणि काहीच कळत नाही. दहा मीटरवर एका कागदावर दहा छर्रे, सारखा नेम धरून, मारावेत. तीन छर्ऱ्यांवरून निकाल देऊ नये. तीन छर्रे दैवयोगानेही शेजारी शेजारी बसतात, दहा बसत नाहीत. कागदावर तारीख घालून तो जपून ठेवावा. पुढे जे जे काही कराल त्यानंतर पुन्हा दहा छर्ऱ्यांचा एक कागद. दोन सुधारणा एकाच वेळी करू नयेत. कोणतीने गुण आला हे मग कळत नाही.

पहिला खर्च करायचा तो छर्ऱ्यांवर. बाजारात मिळणाऱ्या छर्ऱ्यांत उघड्या डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ फरक असतात. कोणाचे डोके 4.49 मिलिमीटरचे, कोणाचे 4.52 चे, कोणाचा मागचा घेर वाकलेला, कोणाच्या कडेला शिशाची कोर. प्रत्येक नळीला एखाद्याच जातीचा छर्रा मानवतो आणि तो कोणता हे वापरूनच कळते. म्हणून तीन-चार जातींच्या लहान डब्या आणाव्यात आणि प्रत्येकीचे दहा-दहा छर्रे मारून पाहावेत. कागदावर खेळायचे असेल तर सपाट तोंडाचा छर्रा घ्यावा. त्याचे भोक स्वच्छ, गोल पडते आणि गुण मोजायला वाद राहत नाही.

जात ठरली की निवड. काचेच्या तुकड्यावर छर्रा लोळवला तर वाकड्या घेराचा छर्रा डुलत जातो. तो बाजूला काढावा. सराफ्यात कोणाची ओळख असेल तर त्यांच्या नाजूक काट्यावर काही छर्रे तोलून पाहावेत. अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूत काही मिलिग्रॅमचा फरक म्हणजे थोडा नव्हे. तंबोऱ्याची तार घेताना आपण वेटोळे उलगडून तिला कोठे गाठ, कोठे गंज आहे का ते बोटाने पाहतो. ती चिकित्सा येथेही कामाला येते. पुष्कळ बंदुकांचा निम्मा दोष एवढ्यानेच जातो, आणि बंदुकीचा एक पेचही फिरवावा लागत नाही.

ढिलाई कोठे आहे?

ह्यानंतर नळी. नव्या नळीत कारखान्याचे ग्रीस असते, जुनीत शिशाचा थर. मऊ फडक्याच्या लहान चिंध्या दोऱ्याला बांधून, छर्रा भरतो त्या बाजूने घालून पुढच्या तोंडातून ओढून काढाव्यात. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. लोखंडी सळई आत खुपसू नये. साफ केलेल्या नळीतून पहिले वीस-तीस छर्रे थोडे भटकतात, ते बसू द्यावेत आणि मगच कागद लावावा.

नळीचे पुढचे तोंड विशेष काळजीने पाहावे, कारण छर्ऱ्याला शेवटचा स्पर्श तेथे होतो. कडेला बारीकशी कोर असली तर हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा निघतानाच कलंडतो. कान साफ करण्याची कापसाची काडी तोंडात घालून सावकाश फिरवत बाहेर काढावी. जेथे कापसाचे तंतू अडकतील तेथे दोष आहे असे समजावे. हे काम चांगल्या खरादीकडून करून घ्यावे. घरी कानस लावून तोंड तिरके करून ठेवण्यापेक्षा आहे ते बरे.

मग येतात दस्त्याचे पेच. लाकडी दस्ता आणि लोखंडी अंग ह्यांना जोडणारे तीन-चार पेच प्रत्येक बाराला थोडे थोडे सैल होतात. शिवाय आपल्या गावची हवा! मे महिन्यात पारा 45 अंशांकडे धावतो, लाकूड सुकून आखडते; श्रावणात तेच लाकूड फुगते. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना खुंट्यांचा हा हंगामी स्वभाव नव्याने सांगायला नको. बंदुकीचेही तसेच होते. दर वेळी खेळायला बसण्यापूर्वी पेच बोटाने व पेचकसाने तपासावेत; ते घट्ट असावेत, पण लाकूड चेपले जाईल इतके आवळू नयेत. पेचाखाली रुंद चकती घातली तर दाब पसरतो आणि पेच टिकून राहतात.

आता बिजागरी. नळी बंद करून, बंदुकीचे अंग एका हातात व नळी दुसऱ्या हातात धरून, हलकेच डावीउजवीकडे हलवावी. नळी खुडखुडली तर बिजागरी सैल आहे. ह्या खुडखुडीची किंमत किती ते हिशेबाने पाहू. नळी सुमारे 45 सेंटिमीटर लांब, लक्ष्य दहा मीटर दूर; म्हणजे साधारण बावीस पट. नळीचे टोक एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढे, सरकले तर लक्ष्यावर छर्रा दोन मिलिमीटरांहून अधिक सरकतो. एका कागदाच्या जाडीला जवळजवळ एक वर्तुळ! बिजागरीचा बोल्ट आवळता येत असेल तर आवळावा. नुसती खीळ असेल तर कारागिराकडून पातळ पितळी चकती घालून घ्यावी.

बिजागरीपाशीच नळीच्या मागच्या तोंडाला चामड्याचा अथवा रबराचा वायसर असतो. तो झिजला की हवा तेथून निसटते, आणि ती दर वेळी सारखी निसटत नाही. परीक्षा सोपी आहे. जोडाच्या वरती पातळ कागदाची पट्टी ठेवून, छर्रा भरून, सुरक्षित जागी बार काढावा. पट्टी उडाली तर वायसर बदलायला झाला. वस्तू काही रुपयांची, पण नवी बंदूक घेतल्याचा आनंद देणारी.

आवाज ऐकावा

बंदूक माझ्याकडे आली तेव्हा मला तिच्यातले यंत्र कळत नव्हते, आवाज मात्र कळला. बार निघाल्यावर तिच्या पोटातून 'झण्ण' असा कंप बराच वेळ येत राही. निरोगी बंदूक 'ठक' अशी बोलते आणि गप्प बसते. हा कंप स्प्रिंगचा असतो. स्प्रिंग आतल्या दांड्यावर सैल बसली असेल, तिची टोके खडबडीत असतील किंवा ती वाकली असेल, तर सुटताना ती वळवळते आणि नळीला आपला थरकाप देते. तंबोऱ्यात झंकार हवा म्हणून आपण तारेखाली सूत सरकवतो. येथे झंकार मारायचा असतो.

त्यासाठी स्प्रिंगची टोके घासून गुळगुळीत करणे, तिच्यात नीट बसणारा दांडा घालणे आणि दाट, चिकट ग्रीसचा पातळ हात देणे, हे उपाय आहेत. परंतु येथे दोन इशारे द्यावयाचे आहेत. पहिला असा की स्प्रिंग बंदुकीत दाबूनच बसवलेली असते. ती उघड्या हाताने सोडवायला गेले तर मागचे टोक गोळीसारखे सुटते. दाबून धरणारे शिकंजे ज्याच्याकडे आहेत अशा जाणत्या कारागिराकडेच हे काम द्यावे. दुसरा इशारा तेलाचा. शिवणयंत्राचे तेल सढळ हाताने आत सोडण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. दट्ट्यापुढची हवा दाबली जाताना इतकी तापते की तेलाची वाफ पेटते, नळीतून धूर येतो आणि मोठा आवाज होतो. मुलांना तो पराक्रम वाटतो; वास्तविक त्यात वायसर जळतो, स्प्रिंगला धक्का बसतो आणि छर्ऱ्याचा वेग प्रत्येक वेळी निराळा होतो. तसेच छर्रा न घालता रिकामा बार काढू नये. हवेला अडवायला कोणी नसले की दट्ट्या थेट पुढच्या भिंतीवर आदळतो.

चाप आणि हात

स्वस्त बंदुकीचा चाप जड असतो. काही बंदुकांत तो ओढायला लागणारा जोर बंदुकीच्या वजनाच्या जवळपास जातो. तीन किलोची वस्तू स्थिर धरायची आणि तिलाच जवळजवळ तेवढ्या जोराने एका बोटाने ओढायचे, म्हणजे कसरतच. चापाच्या आतले घासणारे भाग स्वच्छ करून त्यांना जाड ग्रीसचा टिपूस दिला तर ओढ मऊ होते. समायोजनाचा पेच असेल तर तो थोडा थोडा फिरवून पाहावा. आतला खटका कानशीने घासून हलका करण्याचा मोह मात्र धरू नये. असा खटका नळी मोडलेली असताना सुटला तर नळी झटक्याने वर येते आणि छर्रा भरणारी बोटे सापडतात. चाप कसाही असो, छर्रा भरताना नळी दुसऱ्या हाताने दाबून धरण्याची शिस्त मुलांना पहिल्या दिवशीच लावावी.

आणि आता ती गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही आणि जिच्याविना वरचे सारे व्यर्थ आहे. स्प्रिंगच्या बंदुकीला आवळून धरू नये. छर्रा बाहेर पडण्यापूर्वी ती मागेपुढे सरकणारच. तिला प्रत्येक वेळी सारखेच सरकू द्यावे, एवढेच आपल्या हाती. पुढचा पंजा उघडा ठेवून बंदूक त्यावर नुसती विसावू द्यावी, दर वेळी त्याच जागी. खांद्यालाही ती हलकेच टेकलेली असावी. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने 1960 च्या दशकात स्पर्धेसाठी ज्या स्प्रिंगच्या बंदुका केल्या, त्यांत बंदुकीचे अंगच दस्त्यावर रुळांसारखे सरकेल अशी योजना होती. हिसका दाबून टाकण्यापेक्षा त्याला मोकळी वाट देण्याचा तो मार्ग होता. आपल्या स्वस्त बंदुकीत रूळ नाहीत. ते काम उघड्या पंज्याने करायचे. बार निघाल्यावरही क्षणभर डोळा नेमावर आणि बोट चापावर तसेच राहावे. सूर लावून झाला की लगेच तोंड मिटणाऱ्या मुलाला आपण टोकतो ना, "आस संपू दे रे!" तोच नियम.

दुर्बीण की छिद्र?

पुष्कळ वडील सर्वांत आधी जी वस्तू विकत आणतात ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे : दुर्बीण. बंदुकीवर दुर्बीण दिसली की ती एकदम लढवय्यी वाटते; पण स्वस्त बंदुकीवर तिच्याने दोन आपत्ती येतात. एक तर मागेपुढे बसणाऱ्या दुहेरी हिसक्याने साध्या दुर्बिणीच्या आतली भिंगे ढिली होतात, आणि तिची पकडही मागे सरकत जाते. दुसरी आपत्ती अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळ बंदुकांत पुढची माशी आणि मागची खाच ही दोन्ही नळीवरच असतात. म्हणून बिजागरी थोडी सैल असली तरी नेम आणि नळी मिळूनच हलतात आणि चूक पोटात राहते. दुर्बीण बसते ती मागच्या अंगावर. म्हणजे नेम एकीकडे, नळी दुसरीकडे, आणि मध्ये ती सैल बिजागरी! दुर्बीण लावल्यावर बंदूक पूर्वीपेक्षा वाईट मारू लागली, अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच असते.

दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगीच नाही. तेथे मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे वर्तुळाकार माशी असते. साध्या खाचेत डोळ्याला खाच, माशी आणि लक्ष्य अशा तीन वस्तू एकाच वेळी स्पष्ट पाहाव्या लागतात, आणि ते मनुष्याच्या डोळ्याला अशक्य आहे. छिद्रातून पाहिले की एक वस्तू कमी होते; शिवाय बारीक छिद्रामुळे उरलेल्या दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून मुलाला स्पर्धेच्या वाटेने न्यायचे असेल तर दुर्बिणीचे पैसे छिद्राच्या नेमावर घालावेत. हाही नेम मागच्या अंगावर बसतो, तेव्हा बिजागरी आधी घट्ट करून घ्यावी हे ओघानेच आले. तोवर आहे तीच खाच व माशी सरळ करून घ्यावी, आणि माशीचा लकाकता माथा काजळीने काळा करावा. ही काजळीची युक्ती फुकटची आहे आणि उपयोग तिचा मोठा आहे.

जागा आणि जबाबदारी

छर्ऱ्याची बंदूक खेळणे नव्हे. डोळा एका छर्ऱ्याने कायमचा जातो. म्हणून खेळणाऱ्याने आणि पाहणाऱ्यानेही चष्मा लावावा, आणि लक्ष्याच्या मागे जुन्या कापडांनी ठासून भरलेली खोल पेटी असावी. उभ्या भिंतीवर किंवा पत्र्यावर मारलेला छर्रा परत अंगावर येतो. लक्ष्य अशा बाजूला मांडावे की तेथे दार नसेल आणि कोणी अकस्मात येणार नाही. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा खेळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना खाऊ देऊ नये. पक्ष्यांवर बंदूक रोखण्याची तर गोष्टच काढू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक आहेच; परंतु अंगणातल्या बुलबुलावर नेम धरणाऱ्या मुलाला वडीलमाणसाने थांबवावे, ह्यासाठी कायद्याची वाट पाहायला नको.

कोठे थांबावे

एवढे सर्व करून बंदूक कोठवर येते? चांगल्या छर्ऱ्याची, घट्ट पेचांची, स्वच्छ तोंडाची स्वस्त बंदूक टेबलावर विसावून मारली, तर दहा मीटरवर दहा छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकावेत, इतकी अपेक्षा रास्त आहे. ह्याहून पुढे ती फारशी जाणार नाही. स्पर्धेच्या आजच्या बंदुका नळकांड्यात भरलेल्या दाबाच्या हवेवर चालतात, त्यांना हिसका जवळजवळ नसतो आणि त्यांचे छर्रे एकाच भोकातून जातात. स्वस्त बंदुकीवर पैसे ओतत राहून ती तशी होत नाही. साध्या तुणीच्या तंबोऱ्याला कितीही मीनाकारी केली तरी तो मिरजेच्या जुन्या कारागिराच्या हातचा होत नाही, परंतु सुरात लावता येतो. आणि शिकणाऱ्याला आरंभी तेवढेच हवे असते.

थांबण्याची खूण त्या तारीख घातलेल्या कागदांतच असते. टेबलावरून मारलेला कागद आणि मुलाने उभे राहून मारलेला कागद शेजारी ठेवावेत. टेबलावरचा पुंजका लहान आणि उभ्याचा मोठा असेल, तोवर बंदूक मुलापेक्षा चांगली आहे. तिच्यावर आणखी खर्च करण्याचे कारण नाही, सराव हवा. ज्या महिन्यात हे दोन्ही पुंजके सारखे दिसू लागतील त्या महिन्यात समजावे की मूल बंदुकीच्या बरोबरीला आले. मग ते कागद घेऊन मुलाला एखाद्या चांगल्या नेमबाजी केंद्रात न्यावे. आपल्या राज्यात भोपाळला सरकारची नेमबाजी अकादमी आहे. लाखाची बंदूक आपण आणायची की नाही, हा प्रश्न त्या दिवशी विचारावा, त्याआधी नव्हे.

त्या बाईंच्या मुलाचे कागद मी पाहत असतो. उभ्याचा पुंजका अजून टेबलावरच्यापेक्षा मोठाच आहे, पण महिन्यागणिक आवळत चालला आहे. परवा एक छर्रा बराच उजवीकडे गेला तेव्हा त्याने बंदुकीकडे पाहिले नाही. स्वतःच्या पंज्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, मी आवळली." बंदूक खरे बोलू लागली की मुलाला आपली चूक आपणच ऐकू येते. शिक्षकाचे निम्मे काम त्यात होऊन जाते.